वळणावर धूर नाही

६ सप्टेंबर

ही वही माझी नाही. जुन्या इंजिनांची हौस असलेल्या लोकांचं एक मंडळ आहे, त्याचे चिटणीस काल येऊन देऊन गेले. शाळेतून निवृत्त झालेले आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पुठ्ठ्यावर वाफेच्या इंजिनाचं चित्र आहे.

बेचाळीस वर्षांपूर्वी वाफेची इंजिनं बंद व्हायची होती, तेव्हा हौशी लोकांसाठी सहलीच्या पाच खास गाड्या सोडल्या होत्या. दर रविवारी एक. आमचे हे त्यांवर फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम. आता इंजिनं ठेवायच्या जुन्या शेडचं संग्रहालय होतंय. नऊ नोव्हेंबरला उद्घाटन आहे. त्या गाड्यांच्या आठवणी लिहून द्या म्हणाले.

मी म्हटलं, मी त्या गाडीत कधी बसलेच नाही. ते म्हणाले, मग जे दिसलं ते लिहा.

दारावरून जाताना दिसायची. हे एका ओळीत संपतं. म्हणून या वहीत मी माझंच लिहीन आणि त्यांना द्यायचं ते वेगळ्या कागदावर देईन.

हे जाऊन पाच महिने झाले. छातीने गेले. दवाखान्यातून आणलेली पिशवी अजून खुंटीला आहे. तिच्यात दोन पांढरे सदरे आहेत. लेक फोनवर दर वेळी विचारते, धुतलेस का. धुईन.

७ सप्टेंबर

पिशवी खुंटीलाच आहे.

११ सप्टेंबर

एक आठवलं. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. अक्षरं येत होती, वाचन येत नव्हतं. सहलीचे लोक बाकावर चित्रांची मासिकं टाकून जायचे, ती हे काखेत मारून घरी आणायचे. पानांच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा असला की समजायचं, यांनी आधी चाळलंय. मी ओळीखाली बोट धरून वाचायचे आणि बाळ मांडीवर झोपायचं. एक गोष्ट संपवायला मला आठ दिवस लागले होते. शेवटी कळलं की ती क्रमशः होती आणि पुढचा अंक कुणी टाकून गेलं नव्हतं.

आता वाचनालयातल्या बाई म्हणतात, तुमच्यासाठी कपाट नवीन करावं लागणार. पाच महिन्यांत मात्र एकही पुस्तक पुरं झालेलं नाही. डोळे फिरतात, पान उलटतं, आत काही जात नाही. मी दिवस ठरवून पुस्तक परत करते.

हे मास्तरांच्या कामाचं नाही. धुराबद्दल हवंय त्यांना.

१९ सप्टेंबर

मास्तर फोटोंची वही घेऊन आले होते. फोटोतली माणसं ओळखायची होती. मी सहा ओळखली. त्यांतले पाच गेलेत. सहावाही गेला असेल, मला ठाऊक नाही.

यांचा एकच फोटो मोठा आहे. इंजिन पुढून येतंय आणि वर काळ्याकुट्ट धुराचा डोंगर. यांचं तोंड खिडकीत नखाएवढं दिसतं. हा फोटो भिंतीएवढा करून लावणार आणि खाली यांचं नाव घालणार, असं त्यांचं ठरलंय.

मी म्हटलं, हा लावा, पण यांचं नाव घालू नका.

मास्तर म्हणाले, "अहो, पण यात तेच आहेत ना?"

"तेच आहेत. काम त्यांचं नाही."

मग त्यांना सांगावं लागलं. इंजिनावर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला मी सांगायचं म्हणजे जरा गंमतच. चांगल्या फायरमनचं धुराडं स्वच्छ असतं. कोळसा थोडा थोडा आणि सगळीकडे पसरून टाकायचा, भट्टीचं दार बोटभर उघडं ठेवायचं, म्हणजे धूर आतच जळतो. बाहेर येते ती पांढरी वाफ. काळा लोट निघतो तो नवशिक्याचा, नाहीतर डुलकी लागलेल्याचा. पण सहलीच्या लोकांना फोटोत धूर हवा असायचा. गाडी थांबवून सगळे खाली उतरायचे, कॅमेरे लावून कडेला उभे राहायचे. गाडी मागे जायची आणि पुन्हा जोरात यायची. त्या वेळी यांना हुकूम असायचा, दहा फावडी एकदम टाक.

पहिल्या रविवारी हे घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. बूट काढेनात. म्हणाले, "आज मला वाईट काम करायला लावलं आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मास्तरांनी फोटोंची वही मिटली. मग म्हणाले, लोकांना फोटोत धूरच बघायचा असतो. मी म्हटलं, बघू देत की. नाव काढा.

कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. हे गेल्यापासून आज प्रथमच कुणाशी वाद घातला. थकायला झालं नाही, बरंही वाटलं नाही.

२० सप्टेंबर

कांदे संपलेत. लेकीला फोन.

२८ सप्टेंबर

शेवटच्या गाडीचं लिहिते. मास्तरांना देण्यासारखं नाही.

पाचव्या, शेवटच्या सहलीला इंजिनावरच्या माणसांच्या घरच्यांना दोन-दोन पास मिळणार होते. आमची लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. मी तिला कॉलरचा फ्रॉक शिवला. माझी साडी शेजारणीकडून इस्त्री करून आणली. गुरुवारी हे आले आणि सांगितलं, शेवटच्या गाडीला मी नाही, दुसऱ्या शेडचा फायरमन येणार आहे.

का, ते सांगेनात. मी धरून बसले. साहेबाला उलट बोललात का, म्हटलं. नाही म्हणाले. मग काय केलंत? "काही केलं नाही. केलं नाही म्हणूनच." एवढंच बोलले आणि अंघोळीला गेले. मला तो फाजीलपणा वाटला. मी बरंच काही बोलले. तुमच्या ताठ्यापायी आम्हाला दारात उभं राहून गाडी बघायची वेळ आली, असंही बोलले.

रविवारी ती गाडी गेली. आमचं घर क्वार्टरच्या रांगेतलं शेवटचं, अगदी वळणावर. पुढे रेल्वेने क्वार्टर राहणाऱ्यांना विकले, त्यामुळे मी अजून तिथेच आहे. रुळाला लागून घर असूनही आमच्या रांगेत काजळी कधी पडत नसे. सासूबाई म्हणायच्या, आपल्याकडे वारा चांगला. सगळ्याच बायका म्हणायच्या. तेवढ्या बाबतीत आम्ही नशीबवान. फक्त त्या रविवारी वारा फिरला. दोरीवर बाळाचे वीस-बावीस लंगोट होते, सगळे काळे झाले. मी तो रागही यांच्यावरच काढला.

यांनी लंगोट दोरीवरून काढले, नळाखाली बसले आणि एकेक घासून धुतला. पुरुषमाणूस उघड्यावर लंगोट धुतोय म्हणून समोरच्या बायका हसत होत्या. हे एक शब्द बोलले नाहीत. मीही दोन महिने धड बोलले नाही. दोन महिने म्हणजे साठ दिवस. तेव्हा वाटायचं, दिवस खूप आहेत.

५ ऑक्टोबर

मास्तर टेपवाल्यांना घेऊन आले. हे गृहस्थ त्या काळी इंजिनांचे आवाज टेपवर घ्यायचे. परवानगी काढून ते थेट इंजिनावर उभे राहायचे. त्यांच्याकडे शेकडो टेपा आहेत आणि त्यांना आता ऐकू येत नाही. हे त्यांनी आल्या आल्या स्वतःच सांगितलं, मोठ्याने, म्हणजे सगळ्या रांगेला कळलं. "बायको म्हणते, तुम्ही वेळेवर बहिरे झालात, आता ह्या टेपा विकूया."

बसायच्या खोलीत यंत्र मांडलं. ते आवाज ऐकत नाहीत, यंत्रावरची सुई बघतात. सुईवरून त्यांना कळतं, चढ आला, पूल आला, शिट्टी झाली. म्हणाले, चौथ्या रविवारची टेप आहे. तिच्यात एक कोडं आहे, त्यासाठी तुमच्याकडे आलो.

टेप सुरू झाली. इंजिनाचा दम, आणि मधून मधून फावडं. लोखंडावर खरकन, मग धप्प. हे फावडं यांचं, असं सांगितल्यावर मी नीट ऐकलं. एका लयीत होतं.

टेपवाल्यांनी सुईवर बोट ठेवलं. "बघा, इथे फावडं थांबतं. चार मिनिटं एक फावडं नाही. चढ असून. मग पूल आला की असं टाकतो, जसा मागे वाघ लागलाय. चारही रविवारी तेच. मी तेव्हा समजत होतो माझं यंत्र बिघडलंय."

त्या चार मिनिटांत माणसं बोलतात. टेपवाल्यांना ते शब्द आता ऐकू येत नाहीत आणि पूर्वी त्यांनी लक्ष दिलं नव्हतं, त्यांना इंजिन हवं होतं. एक तरुण आवाज म्हणतो, वळणावर सगळे कॅमेरे लावून उभे आहेत, इथे धूर हवा. मग यांचा आवाज.

"इथे नाही. पूल गेला की हवा तेवढा घ्या."

तो तरुण म्हणतो, अहो पण वळण इथेच आहे. मग कुणीतरी मोठ्याने हसतं. ते ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबा म्हणतात, "तो नाही टाकायचा. त्याच्या दारात लेकीचे लंगोट वाळतायत. आणि आमच्या शेडचा कुणीच नाही टाकत इथे. बायका घरात घेणार नाहीत."

"आबा, तुम्ही पुढे बघा," हे म्हणतात. मग नुसतं इंजिन. मग पूल, आणि फावडं.

टेपवाले माझ्या तोंडाकडे बघत होते, ऐकायला येत नाही म्हणून. काय म्हणतात, त्यांनी विचारलं. मी ओरडून सांगितलं, "लंगोट!" ते म्हणाले, काय? मी पुन्हा ओरडले. मास्तर जमिनीकडे बघत होते, हसले नाहीत.

यांचा आवाज अठ्ठाविसाव्या वर्षाचा होता. लेकीपेक्षा लहान. कुणाच्या तरी मुलाचा वाटला. मला काही झालं नाही. मी चहाचे कप आत नेले.

६ ऑक्टोबर

काल नीट विचार केला नाही, आज केला. आबा थट्टेखोर होते, काहीही बोलायचे. आमच्याकडे वारा मुळातच चांगला. धूर टाकला असता तरी पलीकडे शेतावर गेला असता. तेव्हा यांनी ते कशाला करावं? मला पटत नाही.

पण फावडं थांबतं हे खरं. सुई खाली जाते, मी पाहिली.

१४ ऑक्टोबर

मास्तर एकटे आले. हातात फाइल होती. बसा म्हटलं तरी उभे राहिले, मग बसले.

म्हणाले, टेपमधला तो पोरगा मी. वीस वर्षांचा होतो. मंडळ नवीन होतं, पत्रं मीच लिहायचो. त्यांनी फाइल उघडून एक कागद पुढे केला. मी माझा माझा वाचला. चार सहलींत चार वेळा, सर्वांत उत्तम वळणावर, फायरमनने जाणूनबुजून धूर दिला नाही. विनंती करूनही सहकार्य केलं नाही. तरी शेवटच्या गाडीस दुसरा माणूस द्यावा. खाली मास्तरांची सही, अक्षर तेव्हाही सुंदर.

दुसऱ्या शेडच्या माणसाला वळणाचं कुणी सांगितलं नव्हतं, मास्तर म्हणाले. त्याने धूर दिला. फोटो अप्रतिम आले.

मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. मास्तर म्हणाले, मला माफ करा. मी म्हटलं, ते तर गेले, आता कोण करणार. त्यांना लागावं म्हणून बोलले नाही. तसंच होतं म्हणून बोलले. पण त्यांना लागलं, चष्मा काढून पुसत बसले.

ते गेल्यावर मी साठ दिवसांचा विचार केला. यांनी मला कारण सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? लंगोटच ना, पुन्हा धुतले असते, त्यासाठी गाडी घालवलीत? असंच म्हटलं असतं. हे त्यांना माहीत होतं.

वारा चांगलाच आहे आमच्याकडे. सासूबाई उगाच नाही म्हणायच्या.

१७ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा शेडमध्ये गेले. भिंतींना रंग लावलाय. इंजिन पुसून पुसून असं चमकवलंय की ते कधी कामावर गेलं होतं असं वाटू नये. मास्तरांना म्हटलं, त्या वळणावर फोटो काढलेच असतील ना, चार रविवार. ते म्हणाले, काढले होते, पण चांगले निघाले कुठले. ते खोक्यात आहेत.

खोक्यावर लिहिलंय: वाया. मी खाली बसून सगळे बघितले. एक सापडला. इंजिन वळणावर आहे, धुराड्याच्या तोंडाशी थोडी पांढरी वाफ, वर मोकळं आभाळ. हे खिडकीतून वाकून मागे बघतायत. उजव्या कडेला, अर्ध्यावर कापलेली, एक दोरी आहे. तिच्यावर पांढरे चौकोन, एका रांगेत. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने: धूर नाही.

मास्तरांना म्हटलं, यांचं नाव घालायचं तर याच्याखाली घाला. ते म्हणाले, यात बघण्यासारखं काही नाही हो. कमिटी ऐकायची नाही.

मी म्हटलं, तुम्ही पत्रं चांगली लिहिता. कमिटीला एक लिहा.

हे बोलून गेले आणि मग वाटलं, यांच्यासारखी बोलले. हेही असेच बोलायचे, न हसता.

३० ऑक्टोबर

मास्तरांचा निरोप आला. धुराचा मोठा फोटो नावाशिवाय लागेल. वळणाचा त्याच्याशेजारी, यांच्या नावासकट. खालचा मजकूर मी द्यायचाय, दोन ओळींत. मी आठ कागद फाडले. शेवटी हे लिहिलं:

वळणावरच्या क्वार्टरसमोरून जाताना. धूर नाही, कारण फायरमनला काम येत होतं.

दंडवत, कृतज्ञता वगैरे काही घातलं नाही. आठवणी म्हणून हेच घ्या, असंही कळवलं.

उद्घाटनाच्या दिवशी इंजिन खरोखर चालवणार आहेत, शेडपासून पुलापलीकडे आणि परत. मला दोन पास आलेत. लेकीला म्हटलं, तू जा. ती म्हणाली, आणि तू? मी म्हटलं, मी दारातून बघते. मला दारातूनच सवय आहे.

८ नोव्हेंबर

पिशवी खुंटीवरून काढली. दोन्ही सदरे भिजत घातले. पाणी फारसं मळलं नाही. उद्या सकाळी दोरीवर घालेन. लेक उद्घाटनासाठी आलीय, ती म्हणाली, आई, उद्या इंजिन येणार, काजळी पडेल. मी म्हटलं, नाही पडायची. आपल्याकडे वारा चांगला.

ती माझ्याकडे बघत राहिली. टेपचं सगळं तिला सांगितलेलं आहे.

९ नोव्हेंबर

सकाळी सदरे आणि दोन चादरी दोरीवर घातल्या. दोरी तीच नाही, जागा तीच. लेक नऊलाच शेडवर गेली. तिथून फोन केला, फोटो लागलाय, लहान आहे, पण लोक खालचं वाचून हसतायत आणि मग परत वर बघतायत.

अकराला शिट्टी ऐकू आली. बेचाळीस वर्षांनी. ती इलेक्ट्रिक गाडीसारखी नसते, ती माणसासारखी दमून वाजते. मी दोरीपाशी उभी राहिले.

इंजिनावर मंडळाचीच माणसं होती, हौशी. त्यांनी लोकांसाठी वळणाच्या अलीकडेच भरपूर कोळसा टाकला असणार. धूर दिसला तो थेट काळा. वर गेला, थोडा थांबला, मग वळला आणि आमच्या दारात आला. इकडे तिकडे कुठे नाही. शेताकडे एक रेघसुद्धा गेली नाही. जसा कुणी पत्ता देऊन पाठवलाय.

लेक मागच्या डब्याच्या खिडकीतून हात हलवत होती. मला ती धुरातून दिसेनाशी झाली.

वाफेची इंजिनं गेल्यावर वारा कुठून येतो हे बघायला पुन्हा धूर आलाच नव्हता. वारा आमच्याकडेच येतो. तो नेहमीच आमच्याकडे येत असणार.

मी तिथेच किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. सदऱ्यांवर काळे ठिपके बसले होते. बोट लावलं की पसरत होते. मासिकाच्या पानावर असायचे तसेच.

लेक धावतच परत आली. काही न बोलता चादरी काढायला लागली. आण, मी धुते, म्हणाली. चादरी तिला दिल्या. सदरे मी घेतले.

बाहेरचा नळ अजून चालतो. मी त्याच्याखाली बसले आणि एक सदरा घासून धुतला. समोरच्या घरातली नवी सून दारात येऊन बघत होती. हसेल असं वाटलं, हसली नाही, कारण मी रडत होते, हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

दुसरा सदरा धुतला नाही. घडी करून कपाटात ठेवलाय.